खोडाला हात लावून ये

घरात एखादं माणूस अंथरुणाला खिळलं की भेटायला येणारा प्रत्येक जण डॉक्टर होऊनच येतो. दारात चपला काढेपर्यंत तो साधा शेजारी असतो. आत येऊन खुर्चीवर टेकला, पाण्याचा पेला हातात आला, की त्याच्यातला तज्ज्ञ जागा होतो. "अमक्या तेलाने चोळा." "माझ्या मेव्हण्याच्या मित्राचं अगदी असंच होतं, आता पळतो." "मनाची उभारी पाहिजे हो, बाकी काही नाही." तुमच्या-आमच्या घरी हे चालतंच, आणि आपण दुसऱ्याकडे भेटायला गेलो की आपणही हेच करतो. खोटं वाटत असेल तर आठवून बघा.

खारच्या घरी चार महिने हाच दवाखाना चालू होता.

खार म्हणजे झाडं छाटणाऱ्या टोळीतला सगळ्यात चपळ गडी. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या, छपरांवर झुकलेले बुंधे, वाऱ्याने अर्धवट मोडून लोंबणाऱ्या डहाळ्या, हे सगळं काढायचं काम त्या टोळीचं. इतर लोक शिडी शोधत असायचे तेवढ्यात हा वर पोचून खाली बघत पाय हलवत बसलेला असायचा. म्हणून खार. त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आता तो पुढच्या खोलीत लोखंडी कॉटवर असायचा. बेंबीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं. फक्त डाव्या मांडीवर कापूस फिरवला तर अंधुक काहीतरी, 'कोणीतरी दुसऱ्या खोलीत कुजबुजल्यासारखं', असं तो म्हणायचा. तोंड मात्र शाबूत होतं. कोणी तेलाची बाटली आणली की विचारायचा, "हे पायाला लावायचं की आणणाऱ्याच्या डोक्याला?"

सगळे हसायचे. एक माणूस हसायचा नाही. खारचा थोरला भाऊ. तो टोळीचा मुकादम होता, एकटा जीव, मागच्या खोलीत राहायचा. पाहुणा उपाय सांगायला लागला की मुकादम खिशातली छोटी वही काढून सगळं लिहून घ्यायचा. तेलाचं नाव, माणसाचं नाव, गावाला जायची बस. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, तो आता येईल त्याचं ऐकत होता.

"दादा, पुस्तक छापतोयस का?" खार विचारायचा. मुकादम वही मिटून आत जायचा.

आणि मग दुपारी चारच्या सुमारास पाय नाचायचा.

धाकटी, म्हणजे खारची बायको, त्याला कुशीवर वळवायला यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडीला जखम होते, हे तिला हॉस्पिटलमध्ये शिकवलं होतं. वळवताना उजवा तळपाय कॉटच्या दांडीला टेकला की सुरू. टक टक टक टक. लोखंडावर टाच आपटत राहायची, पटापट, एका तालात. खार पुढे पेपर वाचत असायचा आणि त्याचा पाय मागे आपल्या मनाने चालत असायचा. जणू त्या घरात आणखी कोणीतरी राहत होतं आणि त्याला कुठेतरी जायची घाई होती.

पहिल्या दिवशी धाकटी रडली होती. आनंदाने. "हलला, पाय हलला." दीड महिना तेच पाय पिळून टाकलेल्या टॉवेलसारखे पडून होते, मग एकदम हे. तिने पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

मुकादम मागच्या खोलीत करवतीला धार लावत असायचा. टक टक ऐकू आलं की त्याचा हात थांबायचा. मग तो चपला घालून मागच्या दाराने बाहेर पडायचा, ते अंधार पडेपर्यंत यायचा नाही. करवत तशीच बाकावर. घरातल्यांना वाटायचं, भावाचं दुःख बघवत नाही बिचाऱ्याला.

पण त्या टकटकीत त्याला पाय ऐकू येत नव्हता. त्याला दुसराच आवाज ऐकू यायचा.

त्या दिवशी ते एका शाळेमागचं मोठं झाड छाटत होते. खारने कमरेचा पट्टा एका फांदीवरून सोडला होता, दुसरीला लावायचा होता. त्या मधल्या क्षणात पायाखालची फांदी गेली. फार उंच नव्हतं. दीड मजला असेल. तो पाठीवर पडला, खाली कापून टाकलेला एक ओंडका होता त्यावर.

टोळीची एक रीत होती. मुकादमाने त्याच्या मुकादमाकडून घेतलेली, त्याने आणखी कोणाकडून. झाडावरून जो पडेल त्याला लगेच उठवायचं, दहा पावलं चालवायचं, आणि त्याच झाडाच्या खोडाला हात लावून यायला लावायचं. का? तर माणूस पडून राहिला की भीती अंगात बसते, मग तो परत कधी झाडावर चढत नाही. टोळीत प्रत्येक जण कधी ना कधी पडला होता. प्रत्येक जण दहा पावलं चालला होता. कोणाचा हात मोडला होता, कोणाच्या बरगड्या, तरी खोडाला हात लावून आला होता आणि संध्याकाळी त्याचं कौतुक झालं होतं.

खार जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला होता, "दादा, थांब जरा. पाय जड वाटतायत. हलतायत पण. हे बघ." आणि त्याच्या उजव्या बुटाचं टोक हललं होतं. मुकादमाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोनदा.

"चल, ऊठ. खोडाला हात लावून ये," मुकादम म्हणाला होता. एका बगलेत त्याने हात घातला, दुसऱ्या बगलेत गॉगलने. गॉगल हा टोळीतला जुना गडी, चष्मा सदा कपाळावर. दोघांनी मिळून खारला बसवला, मग उभा केला. उभा करताना आवाज झाला. ओली काटकी दुमडावी तसा, बारीक. की झालाच नाही? मुकादमाला आता सांगता येत नव्हतं. एवढंच खरं की खारचे पाय दोरी सोडल्यासारखे खाली गेले, आणि त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. मग त्यांनी त्याला ट्रकमध्ये, छाटलेल्या फांद्यांवर टाकून हॉस्पिटलला नेलं.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, काय झालं? मुकादम म्हणाला, "झाडावरून पडला." पुढचं तो कोणालाच बोलला नाही. गॉगलही बोलला नाही.

एका बुधवारी मुकादम वही घेऊन पुढच्या खोलीत आला आणि म्हणाला, "रविवारी निघायचं. ट्रक सांगून ठेवलाय, मागे गादी घालू. चार तासांवर एक माणूस आहे. तो कणा ओढून नसा मोकळ्या करतो. तीन वेळा जावं लागतं. हमी देतो."

धाकटीचे डोळे चमकले. "पाय हलायला लागलाच आहे. आता जरा कोणी वाट मोकळी करून दिली तर..."

"कुठे लिहिलंय की तो डॉक्टर आहे?" हा आवाज वकीलबाईचा. खारची मुलगी, नववीत. 'का' विचारल्याशिवाय ती जेवायलाही बसत नाही म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं होतं.

"मोठी माणसं बोलतायत," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय. लहान मुलं बोलत असती तर सोडून दिलं असतं."

"वकीलबाई," मुकादम खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या बाबाला चालवायचंय मला."

त्याच्या बोलण्यात असं काहीतरी होतं की ती गप्प झाली. पण गप्प बसली असती तर ती वकीलबाई कसली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने हॉस्पिटलच्या फिजिओताईंना फोन करून वहीतल्या माणसाचं सगळं सांगितलं. त्या हल्लीच दर शनिवारी खारचा व्यायाम घ्यायला यायला लागल्या होत्या. "शनिवारी जरा लवकर या," ती म्हणाली. "आणि भांडायच्या तयारीने या."

फिजिओताई आल्या त्या हेल्मेट काखेत घेऊनच. तिशीच्या असतील, बोलणं भराभर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाय हलतो म्हणे?"

"हो ना," धाकटी म्हणाली.

ताईंनी खारचा उजवा तळपाय हातात घेतला आणि झटकन वर दाबला. पाय नाचायला लागला. त्यांनी तो तसाच घट्ट धरून ठेवला, हळूहळू नाच विरला. "बघा. मी सुरू केला, मी बंद केला. यात हे कुठेच नाहीत."

"मी इथेच आहे हो," खार म्हणाला.

"तुम्ही वर आहात. तेच तर सांगतेय." त्या कॉटच्या कडेला बसल्या. मुकादम दाराशी उभा होता. "पाठीच्या मणक्यांच्या आतून एक दोरी जाते. मज्जारज्जू. करंगळीएवढी जाड, आणि मऊ. मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात, पायांचे निरोप वर येतात. यांची ती दोरी मध्ये चिरडली गेली. पण चिरडलेल्या जागेच्या खालचा भाग मेलेला नाही. तो जिवंत आहे, जागा आहे. पहिले काही आठवडे धक्क्याने तो गप्प होता, म्हणून पाय लुळे होते. आता जागा झालाय. फक्त वरून त्याला कोणी काही सांगत नाही, कोणी आवरत नाही. मग जरा ताण पडला की आपल्या मनाने लाथा झाडतो."

"मोठी माणसं बाहेर गेल्यावर मुलं धिंगाणा घालतात तसं?" वकीलबाईने विचारलं.

"तसंच. फक्त या मुलांना माहीत नाही, मोठी माणसं परत येणार आहेत की नाही."

बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. धाकटी भिंतीकडे बघत उभी राहिली. अडीच महिने तिने त्या टकटकीला बाळाच्या पहिल्या पावलासारखं जपलं होतं.

मुकादम पुढे आला. "बाई, एक विचारू? मी तीस वर्षं झाडं कापतोय. फांदी कापली की पुढच्या मोसमात तिथून कोंब येतो. आणि माणसाचंही बघा." त्याने डाव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. त्यावर आडवा पांढरा वण होता. "करवत लागली होती. नस तुटली. वर्षभर हे बोट दगडासारखं होतं. मग हळूहळू सगळं कळायला लागलं. आता शेंड्याला टाचणी टोचली तरी समजतं. मग याच्या पाठीत का नाही फुटणार? कोणीतरी वाट मोकळी केली तर?"

"छान विचारलंत," ताई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. "हातापायांतल्या नसा फुटतात. रोज मिलिमीटरभर, तुमचं बोट तसंच परत आलं. तिथल्या पेशी मोडतोड पटकन साफ करतात आणि नव्या धाग्याला रस्ता करून देतात. मज्जारज्जूत तसं होत नाही. कचरा महिनोन् महिने पडून राहतो, धागा फुटू पाहिला तर आसपासच्या पेशीच त्याला 'मागे हो' म्हणतात. आणि जखमेभोवती भिंत बांधली जाते. तुम्ही फांदी कापल्यावर झाड काय करतं?"

"कडेने गाठ बांधतं."

"कशाला?"

"कीड आत जाऊ नये म्हणून."

"ही भिंतही त्याचसाठी. उरलेला चांगला भाग तिच्यामुळे वाचतो. आणि तीच रस्ताही अडवते. जगभर शहाणी माणसं यावर डोकं झिजवतायत. कोणी पेशी सोडून बघतं, कोणी जखमेच्या खाली विजेचे हलके झटके देऊन. झटके आणि व्यायाम मिळून काही जण उभे राहिलेत, चार पावलं टाकलीत. सगळे नाही. ते अभ्यास आहेत काका, धोके समजावून, सही घेऊन केलेले. तुमच्या वहीत जो माणूस आहे, त्याने यांचा एक्स-रे तरी पाहिलाय का? ऑपरेशनमध्ये यांच्या मणक्यांत सळ्या आणि स्क्रू घातलेत. त्यावर तो ओढणार? डाव्या मांडीवरचं ते कुजबुजणं ऐकू येतं ना यांना, म्हणजे एवढासा पूल शिल्लक आहे. तो तुटेल."

"मग काहीच करायचं नाही का?" मुकादमाने विचारलं.

"करायचं की, ढीगभर. हात आणि पोट लोखंडासारखे करायचे. खुर्चीतून कॉटवर, कॉटवरून खुर्चीत स्वतः जायला शिकायचं. कातडी, लघवी, ताप सांभाळायचा. जो पूल शिल्लक आहे त्यावरून रोज ये-जा करायची, म्हणजे तो रुंद होईल तेवढा होईल. पण काका, अशा दुखापतीत सगळ्यात मोठी लढाई पहिल्याच काही तासांत होते. ओंडक्याने मारला तो पहिला घाव. दुसरा घाव शरीर स्वतः घालतं. हाडाच्या नळीत सूज येते, सुजेला पसरायला जागा नसते, रक्त पोचत नाही. मरणाऱ्या पेशी विष सोडतात, त्याने शेजारच्या मरतात. दुरुस्तीला आलेल्या पेशी चांगल्यांनाही खातात. तासन् तास, दिवसन् दिवस चालतं हे. म्हणून रक्तदाब सांभाळतात, लवकरात लवकर ऑपरेशन करून दाब काढतात. आणि म्हणूनच पडलेल्या माणसाला हलवायचं नसतं. मणका मोडलेला असेल आणि आपण त्याला बसवलं, तर हाड सुरीसारखं आत..." त्या थांबल्या. मुकादमाच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. मग हळूच विचारलं, "यांना कोणी उठवलं नव्हतं ना?"



"मी उठवलं," मुकादम म्हणाला.

तो दाराला धरून खाली बसला. सगळं सांगितलं त्याने. रीत, दहा पावलं, खोड, बगलेत घातलेले हात. बुटाचं टोक दोनदा हललं होतं, तेही. "तो थांब म्हणाला होता. मी थांबलो नाही. हॉस्पिटलात सांगितलंही नाही. हा पाय नाचतो ना, तेव्हा मला ते बुटाचं टोक दिसतं. आणि तो आवाज येतो. रोज येतो. बाई, खरं सांगा. माझ्यामुळे गेले का याचे पाय?"

धाकटीने तोंडावर पदर धरला.

ताई उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तुमच्यामुळे गेले, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे गेले नाहीत, असंही म्हणणार नाही. सूज वाढून ते तसेही गेले असते, हे होऊ शकतं. ते आज पाऊल टाकत असते, हेही होऊ शकतं. कोणालाच कळणार नाही. कधीच. उगाच बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"मला माहीत होतं," खार म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काय बघताय? मीच तर होतो तिथे. मला उठवलं ते मला कळणार नाही का?" त्याचा थट्टेचा सूर कुठेच नव्हता. "मी वाट बघत होतो, दादा. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. तू वही घेऊन बसलास. अख्ख्या दुनियेचं लिहून घेतलंस, मला एक वाक्य बोलला नाहीस. पाय नाचला की तू मागच्या दाराने पळायचास. मला वाटायचं, पाय माझे गेलेत, आणि पळतोय हा."

मुकादम कॉटपर्यंत आला. त्याला पाय धरायचे होते बहुतेक, पण त्या पायांना हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. "मला माफ कर."

"ते नंतर बघू," खार म्हणाला. "ते माझ्याने आज होणार नाही, आणि खोटं मीही बोलणार नाही. आधी मला सांग, टोळी आता कुठल्या झाडावर आहे?"

"नदीकाठच्या रस्त्यावर."

"वर कोण चढतं माझ्या जागी?"

"नवीन दोघं आलेत."

"आणि त्यांच्यातला एखादा सोमवारी पडला, तर तू काय म्हणशील त्याला?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. त्या नवीन दोघांना मुकादमाने पहिल्याच दिवशी रीत सांगितली होती. भावाला त्या रीतीने उभा करून चार महिने झाल्यावर! रात्रंदिवस तो आवाज कानात घेऊन फिरणाऱ्या माणसाने ती रीत पुढच्यांच्या हातात दिली होती, कारण ती चुकीची म्हटली तर स्वतःचं तोंड उघडावं लागलं असतं. हे त्याला त्या क्षणी कळलं.

रविवारी ट्रक सुटला नाही. फिजिओताई सुट्टीच्या दिवशी परत आल्या आणि पडलेल्या माणसाला कसं सांभाळायचं ते दोघा भावांना दोन तास शिकवत बसल्या. वकीलबाई जमिनीवर पडून रुग्ण झाली आणि मध्ये मध्ये हरकत घेत राहिली.

सोमवारी सकाळी खार चार महिन्यांनी पहिल्यांदा रस्त्यावर आला. चाकांच्या खुर्चीत, मांडीवर दोराचं वेटोळं घेऊन, कारण रिकाम्या हातांनी कामावर गेलेलं त्याला आवडत नसे. टोळी झाडाखाली उभी होती. कोणाला कुठे बघावं कळत नव्हतं. गॉगलने तर कपाळावरचा चष्मा डोळ्यांवरच ओढला.

मुकादमाने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मग म्हणाला, "रीत बंद."

"मुकादम," गॉगल म्हणाला, "आपल्यातले सगळे उठून चालले. मी चाललो, तुम्ही चाललात. कोणाला काही झालं नाही."

"कारण आपले मणके मोडले नव्हते. नशिबाने. आणि त्याला आपण हिंमत म्हणत आलो."

"आणि भीती बसली तर?"

"बसू दे," खार म्हणाला. "भीती बसलेला माणूस परत उठतो. मणका मोडलेला उठत नाही, मला विचार."

गॉगल खाली बघायला लागला. त्याच्या चष्म्याच्या काचा आतून धूसर झाल्या होत्या. "मीही धरला होता तुला," तो पुटपुटला. "या बाजूने."

"माहीत आहे. तुझे हात नेहमी गार असतात."

मग मुकादमाने चपला काढल्या आणि खोडाजवळ, पाचोळ्यात पाठीवर आडवा झाला. "मी पडलोय," तो म्हणाला. "आता काय कराल?"

नवीन दोघं लगेच पुढे धावले आणि त्यांनी त्याच्या बगलेत हात घातले. शिकवून इतकं पक्कं झालं होतं ते. खार खुर्चीतून ओरडला, "हात काढा!"

मग त्याने सांगायला सुरुवात केली. अंगावर फांदी येत असेल, आग असेल, गाड्या येत असतील तरच हलवायचं, तेही चार-पाच जणांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत, फळीसारखं. नाहीतर नाही. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं. श्वास चालू आहे ना, बघत राहायचं. थांबला तर मात्र छाती दाबायला घ्यायचं, तेव्हा बाकी काही नाही. पाणी पाजायचं नाही. उशी द्यायची नाही. ॲम्ब्युलन्सला फोन करून 'उंचावरून पडलाय, पाठीवर' असं स्पष्ट सांगायचं. त्याच्याशी बोलत राहायचं. आणि थांबायचं.

"किती वेळ?" नवीन दोघांपैकी एकाने विचारलं.

"ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. इथे वीस-पंचवीस मिनिटं तरी. आज तेवढं थांबून बघू." खारने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

गॉगल डोक्याशी बसला. त्याचे गार हात मुकादमाच्या दोन्ही कानांवर आले आणि सगळे आवाज एकदम लांब गेले. मुकादमाला वर पानं दिसत होती, मध्ये मध्ये आभाळ. पाठीखाली एक खडा रुतत होता. पाच मिनिटांत मानेवर मुंगी चढली. दहा मिनिटांत त्याला वाटलं, आता उठलो नाही तर वेड लागेल. जमिनीवर पडलेल्या माणसाला वेळ किती लांब असतो, हे त्याला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं, कारण तो कायम उभ्याने बघत आला होता. इथून माणसं फार उंच दिसतात. त्यांचे हात कुठल्या क्षणी आपल्याकडे येतील, हे आपल्या हातात नसतं. आपण नुसतं सांगू शकतो, आणि ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी घरंगळून गॉगलच्या बोटांवर गेलं. गॉगलने बोटं हलवली नाहीत.

"झालं का रे?" त्याने विचारलं.

खुर्चीची चाकं पाचोळ्यावरून कुरकुरत जवळ आली. "अजून नऊ मिनिटं," खार म्हणाला. "पडून राहा, दादा. मी आहे इथे."

वाचकहो, आपण वाईट माणसं नाही. रस्त्यात कोणी पडला की आपले हात आपोआप पुढे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण प्रेमाने, घाईने, कौतुकाने उचललेला माणूस आपल्याच हातात मोडू शकतो, आणि मग तो आवाज खरा होता की भास, हे शोधत कोणालातरी आयुष्य काढावं लागतं. म्हणून जे हात उचलायला जातात तेच डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावा, दुसऱ्या कोणालातरी फोन करायला सांगा, आणि त्याच्याजवळ बसून राहा. तो 'थांब' म्हणाला नाही, तरीही थांबा.